भराव टाकण्याआधी

विश्रामबाग, सांगली
12 नोव्हेंबर 2025

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. फोनवर उरकलं असतं, पण तू विचारलंस ते फोनवर सांगण्याजोगं नाही, आणि निम्म्यात तुझी मीटिंग निघते. म्हणून लिहायलाच बसलो. काकांच्या शामरावनगरातल्या पाच गुंठ्यांवर घर बांधायचंय, त्यासाठी पाच फूट मुरूम टाकून प्लॉट रस्त्याच्या वर घ्यायचा, कंत्राटदार आठ दिवसांत रोलर फिरवून देतो म्हणतोय. आणि वर ‘तुझं ते बागांचं शास्त्र यात काही कामाचं आहे का?’ टोमणा पोचला.

उत्तर आधी देतो, कारणं मागून येतील. भराव टाकू नकोस.

हिशेब कर. पाच गुंठे म्हणजे साधारण 506 चौरस मीटर. त्यावर पाच फूट मुरूम म्हणजे साडेसातशे घनमीटरच्या वर, साडेसात लाख लिटर पाण्याची जागा तू बुजवणार. पावणेचार एकरांवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर जेवढं पाणी होईल तेवढी ही जागा. ते पाणी कुठं जाणार? शेजारच्यांच्या न्हाणीघरात. मग पुढच्या वर्षी ते सहा फूट भराव टाकणार. तिथं नेमकं हेच चाललंय. नवं जोतं जुन्याच्या वर, रस्ता दर वेळी एका थरानं वर, आणि मधले रिकामे प्लॉट पाणकणसानं भरलेले. पाऊस थांबून महिना झाला तरी लोक विटांवरून पाय टाकत दारापर्यंत जातात.

आता जरा मुळाशी जाऊ. सांगलीच्या पाण्याबद्दल बोलताना सगळे दोन पाण्यांची गल्लत करतात. एक आभाळाचं, एक नदीचं. सांगलीत वर्षाकाठी 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरात त्याच्या नऊ-दहा पट. त्यामुळे कृष्णा फुगते तेव्हा आपल्याकडे कित्येकदा नुसती भुरभुर असते. पाणी येतं वरून, घाटमाथ्यावरून आणि धरणांच्या विसर्गातून. कोयना एकटीच 105 टीएमसीची, म्हणजे 105 अब्ज घनफुटांची. वारणा हरिपूरच्या संगमावर मिळते, पंचगंगा खाली नरसोबाच्या वाडीला. त्या दोघीही भरून आल्या की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही आणि पाणी मागं तुंबतं. खालच्या अंगाच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं मी मुद्दाम लिहीत नाही. तो वाद टपरीवरच्या चहासाठी राखून ठेव.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2005 ला पाणी जवळपास 54 फुटांवर गेलं, 2019 ला साडेसत्तावन्नच्या आसपास, आणि 2021 ला पुन्हा 54 च्या वर. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना चाळिशीची वाट बघायची सोय नसते, ते आधीच गाठोडी बांधतात. कारण पाणी आधी काठ ओलांडून शहरात येत नाही, ते नाल्यांतून आणि ओतांतून, म्हणजे सखल ओघळींतून, उलटं येतं. 2019 ला गावभागात आत्याच्या बोळात बघितलंय मी. नदी अजून दिसतसुद्धा नव्हती. गटाराच्या झाकणाच्या भोकांतून आधी बुडबुडे आले, मग झुरळांची रांग भिंतीवर चढली, मग काळं पाणी, आणि तासाभरानं त्याच्यावर गढूळ, तांबूस पाणी. आत्या म्हणाली, ‘बाई आली.’ तोवर गॅसची टाकी माडीवर गेलेली होती.

या नदीच्या पाण्यापुढं माझं शास्त्र केवढं, तेही सांगून टाकतो. एक टीएमसी म्हणजे 2 कोटी 83 लाख घनमीटर. ते एक मीटर खोलीच्या तळ्यांत साठवायचं तर 2,800 हेक्टर जमीन लागेल. तेव्हा चार रेन गार्डनं, म्हणजे पावसाचं पाणी धरणाऱ्या खोलगट बागा, आणि पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक यांनी महापूर थोपतो असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. माझ्याच धंद्यातले लोक असं बोलतात. चीननं ‘स्पंज शहरां’चा, म्हणजे पावसाचं पाणी शोषून धरणाऱ्या शहरांचा, केवढा गाजावाजा केला. चंगचौ हे त्यातलंच एक शहर. तिथं 20 जुलै 2021 ला एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. स्पंज जेवढा असतो तेवढंच पितो.

पण आभाळाचं पाणी, जे तुझ्या प्लॉटवर आणि तुझ्या गल्लीत पडतं, त्याचं काय करायचं ते मात्र आपल्या हातात आहे. तिथं पहिली अडचण मातीची. परदेशातली पुस्तकं म्हणतात, पाणी जमिनीत मुरवा. आपल्या काळ्या मातीत मुरवून दाखवा म्हणावं! मे महिन्यात फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा खणून पाणी ओत, भेगांमधून बघता बघता पिऊन टाकेल. तोच खड्डा जुलैत भर. माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, आणि सकाळी ओतलेलं पाणी संध्याकाळीही जवळजवळ तेवढंच असतं, वर तेलकट तवंग आणि दोन बेडकं. वरून कृष्णाकाठी उसाला पाट सोडून सोडून भूजल इतकं वर आलंय की जमिनी क्षारपड झाल्यात. भरलेल्या रांजणात आणखी काय ओतणार? आणि गंमत म्हणजे इथून थोड्याच अंतरावर, हरिपूरला, माती अशी की लोक तिच्यात खोल पेवं खणून वर्षानुवर्षं हळद कोरडी ठेवायचे. 2005 च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचं फार नुकसान झालं, ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की एका गावाचा नकाशा दुसऱ्या गावात चालत नाही, अरे, एका पेठेचा दुसऱ्या पेठेत चालत नाही. साताऱ्याला उताराचं दान आहे. महादरे तळ्याचं पाणी खापरी नळांतून नुसत्या उतारानं शहरात खेळवायची अक्कल तिथल्या जुन्या लोकांना होती. सांगली परातीसारखी सपाट. इथं पाणी मुरवण्यापेक्षा थोपवून, थांबवून, सावकाश सोडायचं. रस्त्याकडेला पक्क्या गटाराऐवजी रुंद, उथळ, गवताळ चर. मैदान भोवतालच्या रस्त्यापेक्षा दोन फूट खोल, म्हणजे जोराच्या पावसात दोन दिवस तळं आणि एरवी क्रिकेट. काळी खण हे जुन्या खाणीचं तळं शहराच्या मध्यात आहे. लोकांना तिथं दिवे आणि बोटी दिसतात, मला रिकामी टाकी दिसते. तिची पातळी पावसाळ्याआधी उतरवून ठेवली तर आजूबाजूचं पहिलं पाणी ती घेईल. शोभेसाठी काठोकाठ भरलेलं तळं पावसात काय कामाचं?

नदीच्या पाण्यासाठी लोकांना भिंत हवी असते. भिंतीला माझा सरसकट विरोध नाही, पण दोन प्रश्न विचारतो. भिंत बांधून नाल्यांना दारं बसवली आणि नदी महिनाभर फुगलेली राहिली, तर शहराचं सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्याचं आणि गावातल्या पावसाचं पाणी बाहेर कसं जाणार? पंपांनी. आणि वीज गेली तर? दुसरा प्रश्न, इकडं अडवलेलं पाणी पलीकडं सांगलवाडीत चढेल, त्यांना काय सांगायचं?

डच लोकांना भिंतींची सवय आपल्यापेक्षा जुनी. 1995 च्या पुरात त्यांना अडीच लाख माणसं हलवावी लागली, तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. नायमेखन शहरात वाल नदी एकदम अरुंद होते. तिथं त्यांनी बांध आणखी उंच न करता 350 मीटर मागं सरकवला आणि नदीला दुसरा प्रवाह खणून दिला. मध्ये बेट तयार झालं, आता तिथं लोक पोहायला जातात. त्यासाठी सुमारे 50 घरं पाडावी लागली. आणि एवढं करून पुराची पातळी किती उतरली? सुमारे 35 सेंटिमीटर. तू म्हणशील, बस्स एवढंच? पण आपल्याकडं 2005 आणि 2019 च्या पुरात फरक चार फुटांच्या आतला होता, आणि त्यातल्या एकेका फुटात किती गल्ल्या गेल्या ते आठव. फूटभर उतरणं म्हणजे थट्टा नाही.

आता ज्यावर माझं सगळ्यांशी भांडण होतं ते. नदीसाठी जागा सोडा, असं सगळेच म्हणतात. कागदावर ती सोडलेलीही आहे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालच्या मध्ये अटींवर. पण नुसती मोकळी सोडलेली जागा या गावात मोकळी राहिलेली मी बघितली नाही. आधी राडारोडा पडतो, मग एक खोकं येतं, मग कुणी गुंठ्या-गुंठ्यानं विकतं, आणि मग 2001 चा गुंठेवारी कायदा आहेच नियमित करायला. घेणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला परवडणारी जागा तीच. जी पूरजमीन टिकली ती कुणाच्या तरी पोटाशी बांधलेली आहे म्हणून टिकली. कृष्णाकाठची वांगी घे. नदीकाठची मळीची जमीन, पूर येतो, गाळ टाकून जातो, आणि त्याच गाळावर ती काटेरी, चवीची वांगी येतात. त्या शेतकऱ्याला निळी रेषा समजावून सांगावी लागत नाही. तो स्वतःच तिथं पक्कं काही बांधत नाही, आणि दुसऱ्याला राडारोडा टाकू देत नाही.

कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टर पाणथळ आहे, शहराचं सांडपाणी तिथल्या भेऱ्यांमध्ये, म्हणजे मासळीच्या तळ्यांमध्ये, जातं आणि त्यावर मासळी, भाजी, भात निघतो. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी अभियंत्यानं ती व्यवस्था जगापुढं मांडली, 2002 ला तिला रामसर दर्जा मिळाला. मच्छीमार नसते तर तिथं कधीच टॉवर उभे राहिले असते. आताही बिल्डरांचा डोळा आहेच. ‘स्पंज शहरां’मागचा माणूस यू कोंगजियान, 2025 च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये विमान कोसळून गेला बिचारा, त्यानं शेन्यांगच्या विद्यापीठात हिरवळीऐवजी भातखाचरं केली. पावसाचं पाणी खाचरांत, आणि कापणीला पोरांचा हात. आपल्याकडं मात्र नदीकाठ सुशोभित करायचा म्हणजे ग्रॅनाइटचे बाक आणि लॉन. एका पुरात त्यावर हातभर गाळ बसतो, आणि मग गाळ काढायचं वेगळं टेंडर.

माझ्या हातात असतं तर दत्तनगरपासून खाली काठाकाठानं गवताची कुरणं, रोपवाटिका, मळीची वांगी, आठवडी बाजाराचे कट्टे आणि कुस्तीची मैदानं एवढंच ठेवलं असतं, आणि सगळं भाडेपट्ट्यानं, नावानिशी दिलं असतं. काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. आठवडाभर पाण्यात उभे राहतात आणि माती धरतात. तिथं आज राहणाऱ्या लोकांना गावातच, चालत कामाला जाता येईल अशी जागा दिल्याशिवाय यातलं काही होणार नाही. घोडं तिथंच पेंड खातं.

असो, तुझं घर. मुरूम विसर. खांबांवर घे, खाली मोकळं, गाड्या आणि काकांची आरामखुर्ची. आधी लाल रेषेची पातळी काढून घेऊ, राहता मजला तिच्या वर. विजेचं मीटर, पाण्याची मोटर, शौचालयाची टाकी यांचं आताच ठरव, नंतर प्लंबर म्हणेल तसं होतं. सेप्टिक टँकचं झाकण हवाबंद आणि पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, यात पैसे वाचवू नकोस. गटारातून आलेला पूर मी सांगितलाय वर. छपराचं पाणी मोठ्या टाकीत. प्लॉटचा मागचा कोपरा आधीच खोलगट आहे, तो तसाच ठेवू, लव्हाळा आणि कर्दळ लावू. वहिनी डासांचं विचारतील. दोन-तीन दिवसांत पाणी ओसरेल असा उतार देऊ, त्याहून थांबलं तर गप्पी मासे. काका म्हणतील रस्त्याच्या खाली घर म्हणजे अवलक्षण. त्यांना मी बघतो.

येताना सातबारा आणि गुंठेवारीच्या नियमितीकरणाचा कागद घेऊन ये, मोजणीचा नकाशा असेल तर तोही. लेव्हल घ्यायला यंत्र माझ्याकडं आहे, मातीचा खड्डाही आपणच खणू. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि त्या कंत्राटदाराला ॲडव्हान्स दिला नाहीस ना, ते आधी कळव.

तुझा,
विनायक