बारवरचं वजन उतरवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलो की तुम्ही “बरं, पुढचा सेट” म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितोय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण मी सहा वर्षं जी चूक करत राहिलो तीच आज दुसरा कुणी थोराड अंगाचा पोरगा करत असेल.

ताकदीच्या सरावासाठी तुमच्याकडे आलो तेव्हा माझं वजन १३१ किलो होतं. फ्रीस्टाइल कुस्तीच्या सगळ्यात वरच्या गटाची मर्यादा १२५. त्याच्या खालचा ऑलिंपिक गट ९७ चा, म्हणजे मधल्या २८ किलोंत जो कुणी आहे त्यालाही १२५ वाल्यांशीच भिडावं लागतं. त्यामुळे आधीच्या ठिकाणी मला एकच धडा मिळाला होता: खा, उचल, आणखी मोठा हो. झालो मोठा. २२० किलोंचा स्क्वॉट मारायचो. आणि दुसऱ्या फेरीच्या मध्यावर हातांचं लाकूड व्हायचं. समोरचा पटात, म्हणजे पाय धरायला, येतोय हे दिसायचं, पाय मागे टाकायचे हे कळायचं, आणि पाय जागचे हलायचे नाहीत.

पहिल्या दिवशी तुम्ही मला बारला हात लावू दिला नाहीत. एअरबाइकवर, म्हणजे पंख्याच्या जागेवरच्या सायकलवर, बसवलंत, १५ सेकंद जीव तोडून मारायला लावलंत, आणि मग माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या राहिलात. एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन मिनिटांनंतरही नाडी १४० च्या वरच होती. वहीत काहीतरी टिपून तुम्ही म्हणालात, “ताकद भरपूर आहे रे तुझ्यात. ती परत भरायला फार वेळ लागतोय.”

इतकी वर्षं कुणी हे असं सांगितलंच नव्हतं. जोराच्या झटापटीत स्नायू क्रिएटिन फॉस्फेटचा जो साठा वापरतात तो काही सेकंदांतच आटतो. परत भरतो तो प्राणवायूच्या जोरावर. निम्मा भरायलाच साधारण अर्धं मिनिट, पुरता भरायला काही मिनिटं. आमच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये फक्त ३० सेकंद. ज्याचा दमाचा पाया कच्चा, त्याची दुसरी झेप पहिलीइतकी कधीच नसते. त्यात शरीर जितकं मोठं, तितकी वजनाच्या मानानं त्वचा कमी, म्हणून आतली उष्णताही लवकर बाहेर पडत नाही. दमसास म्हणजे हलक्या गटातल्यांचं काम, असं मी तोवर समजत होतो.

मग आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं सायकल, पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्याच वेगानं. वाक्य तुटलं की तुम्ही वेग उतरवायला सांगायचात. धावणं बंद, कारण ते गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. त्याऐवजी स्लेड, म्हणजे वजनं लादलेली घसरगाडी, ढकलायची. तिच्यात वजन सावरत खाली न्यावं लागत नाही, म्हणून सकाळी ढकलली तरी संध्याकाळी मांड्या गादीसाठी मोकळ्या असायच्या. स्क्वॉटच्या जागी ट्रॅप बार, म्हणजे मध्ये उभं राहून उचलायचा चौकटीचा बार, तीनच रेप्स, आणि बारचा वेग मंदावला की सेट खलास. मानेसाठी डोक्यावर अंग तोलून पूल बांधणं थांबवून तुम्ही कपाळावर तळहात टेकवायचात आणि मी सहा सेकंद त्याला रेटायचो. चारही दिशांनी.

मला राग आला होता, मॅडम. महिनाभर वाटत होतं की तुम्ही मला कमजोर करताय. एका रात्री दुसऱ्या जिममध्ये जाऊन मी चोरून जड स्क्वॉट मारले. सकाळी पहिल्याच रेपला बारचा वेग बघून तुम्हाला कळलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, फक्त त्या दिवसाचे सगळे सेट खोडलेत आणि मला चालायला पाठवलंत. त्यानंतर मी तसं कधी केलं नाही.

पण सगळ्यात मोठा उपकार वेगळाच. दोन सेटच्या मध्ये बाकावर बसल्याबसल्या मला डुलकी लागायची. बाकीच्यांना वाटायचं, दमलाय. तुम्ही टेप आणून माझ्या गळ्याचा घेर मोजलात. ४७ सेंटिमीटर. मग हळूच विचारलंत, “रात्री घोरतोस का? सकाळी डोकं दुखतं?” दोन्हींचं उत्तर हो होतं. तुम्ही सराव थांबवून मला डॉक्टरांकडे धाडलंत. रात्रभराच्या तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. झोपेत माझा श्वास वारंवार अडत होता आणि दर वेळी शरीर अर्धवट जागं होत होतं. जाड मानेच्या माणसांत हा धोका जास्त असतो, आणि आम्ही तर मान मुद्दाम जाड करतो! नाकावर मास्क लावून झोपायला लागलो तेव्हा पहिले चार दिवस नको झालं. पाचव्या दिवशी गजर व्हायच्या आत जाग आली आणि डोकं हलकं होतं. कितीतरी वर्षांनी.

तुम्ही एकदा २००० च्या सिडनी ऑलिंपिकची अंतिम कुस्ती दाखवली होतीत. ग्रीको-रोमन, म्हणजे पाय न धरता लढायची कुस्ती, १३० किलो. सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेला रशियाचा करेलिन अमेरिकेच्या रुलॉन गार्डनरकडून ०-१ ने हरला. तुम्ही म्हणालात, डाव बघू नकोस, दोघांचे खांदे कसे वरखाली होतायत ते बघ. आमच्या गटातल्या कुस्त्या अशाच एकेका गुणावर सुटतात.

यंदाची माझी उपांत्य कुस्ती तशीच होती. १-३ ने मागे, ४० सेकंद उरलेली. एकेरी पटात गेलो, त्यानं पाय सोडवला. पुन्हा गेलो, पुन्हा सोडवला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्या पायांत पहिल्या वेळेइतकाच जोर होता, आणि त्याच्या पायांत नव्हता. ३-३, शेवटचा गुण माझा, म्हणून कुस्तीही माझी. गादीवरून उतरताना तुम्हाला शोधलं, तर तुम्ही आधीच घड्याळ काढून माझं मनगट धरायला आला होतात.

त्या दिवशी नाडी ९० सेकंदांत १२० वर आली होती. तुम्ही वहीत लिहिलंत, मला सांगितलं नाहीत. मी नंतर वाचलं.

वजन आता ११९ आहे. मनापासून आभार, मॅडम. सोमवारी सकाळी सायकलवर असेन.

तुमचा,
१२५ किलो गटातला पैलवान