टूलच्या वर्णनांबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "मॉडेलच मठ्ठ आहे, बदलून टाकतो." तेव्हा घाईत होतो, काही बोललो नाही. काल रात्री तुझ्या एजंटची, म्हणजे ग्राहकांशी बोलून त्यांची कामं करणाऱ्या तुझ्या एआय प्रोग्रामची, सगळी टूल्स (त्यामागचं मॉडेल ज्यांच्याकडून कामं करून घेतं ती फंक्शनं) एकेक करून वाचली. मॉडेल राहू दे, आधी वर्णनं नव्यानं लिही.

ते 'गेट डेटा' घे. त्याच्यापुढे तू दोनच शब्द लिहिलेत, 'डेटा आणतं'. ते फक्त चालू ऑर्डरी आणतं, पोचलेल्या ऑर्डरी दुसऱ्या टूलकडे आहेत आणि एका वेळी ५०च नोंदी मिळतात, हे तुला पाठ आहे, कारण कोड तूच लिहिलास. मॉडेलला कोड दिसत नाही रे! त्याच्या हाती पडतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. एवढ्यावरून त्यानं ओळखायचं की कालच पोचलेली ऑर्डर कुठे शोधायची. त्यानं चुकीचं टूल उचललं यात मला काहीच नवल वाटत नाही.

२०२३च्या जूनमध्ये ओपनएआयनं फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला आपल्या कोडमधली फंक्शनं वापरता येण्याची सोय, आणलं, तेव्हा आपली दोन-तीन फंक्शनं असायची आणि मोघम लिहूनही निभावून जायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे टूल्स मॉडेलला जोडायची सामायिक पद्धत, खुला केला, तेव्हापासून तुझ्या टूलशेजारी कुणा अनोळखी माणसाचं टूलही येऊन बसू शकतं. दोघांचंही नाव 'सर्च' असेल तर मॉडेलनं करायचं काय? म्हणून काय शोधतं ते नावातच येऊ दे. आणि वर्णनात हे टूल कधी वापरायचं नाही, त्या वेळी कुठलं वापरायचं, हेही लिही. हे एक वाक्य लोक हमखास गाळतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

माझ्या हातून घडलेलं तुला कधी सांगितलं नाही. एका कामात ऑर्डर रद्द करायचं टूल मी लिहिलं होतं. वर्णन होतं, 'ऑर्डर रद्द करण्यासाठी'. एका ग्राहकानं विचारलं, "ही ऑर्डर आता रद्द होऊ शकते का?" एजंटनं ती रद्दच करून टाकली. त्या माणसाला ती वस्तू हवी होती, तो फक्त चौकशी करत होता. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझ्या त्या तीन शब्दांत होती. नंतर मी असं लिहिलं: 'ऑर्डर कायमची रद्द करतं, ती परत सुरू करता येत नाही. ग्राहकानं रद्द करायला स्पष्ट सांगितल्यावरच वापरा. रद्द होऊ शकते का एवढंच विचारलं असेल, तर ऑर्डरची स्थिती पाहणारं टूल वापरा.' शिवाय माणसानं होकार दिल्याशिवाय ते चालणारच नाही, अशी सोय कोडमध्येही केली. पैसे किंवा माल हलणार असेल तिथे नुसत्या वर्णनावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पॅरामीटरकडेही बघ. तुझ्याकडे 'डेट' आहे, पण कुठल्या रूपात ते नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? वर्ष-महिना-दिवस असा क्रम सांग आणि २०२५-०४-०३ असा नमुना दे. 'युजर'मध्ये नाव हवं, ईमेल हवा की आयडी? आयडी हवा असेल तर तो कुठल्या टूलमधून मिळतो तेही लिही, नाहीतर मॉडेल मनानं एखादा आकडा ठोकून देईल. स्थितीसाठी चारच शब्द चालत असतील तर ते स्कीमातच बांधून टाक. एरर म्हणून तू नुसतं 'अवैध इनपुट' परत पाठवतोस, त्यातून त्याला काय कळणार? 'तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या' म्हटलंस की पुढच्या खेपेला मॉडेल स्वतःच सुधारतं.

आता उत्साहाच्या भरात प्रत्येक टूलला पानभर लिहू नकोस हं. सहसा ही वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात, टोकन (मॉडेल मजकूर वाचतं ते छोटे तुकडे) खातात. टूल आतून कसं चालतं, कुठला डेटाबेस आहे, हे त्याला नकोच. मला तर वाटतं, तुझी ती तीन शोध-टूल्स एकत्र करावीस. त्यांच्यातला फरक मलाच दोनदा वाचून कळला.

ज्या संभाषणात तुझ्या एजंटनं चुकीच्या ग्राहकाचा पत्ता काढला, त्याचा पूर्ण लॉग, म्हणजे नोंद, मला पाठव. त्यानं कुठलं टूल का निवडलं ते ओळ न् ओळ वाचायचंय. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, 'गेट डेटा'पासून सुरुवात करू.

तुझाच,
जुना मित्र