फ्रेंच म्हणजे फक्त क्वेबेक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) आणि फ्रेंच भाषा यांवर आलेला लेख वाचला. पुण्या-मुंबईत फ्रेंचचे क्लास जोरात आहेत हे इथे ऑटावातही कळतं, कारण भाचे-पुतण्यांचे फोन येतात. "मावशी, एनसीएलसी सात आला की ड्रॉ लागतो ना?" एनसीएलसी म्हणजे फ्रेंच किती येतं ते मोजायची कॅनडाची पट्टी, आणि ड्रॉ म्हणजे पीआरसाठी बोलावणी काढण्याची फेरी. लेखातली परीक्षेची माहिती उपयोगी आहे. मात्र त्यात फ्रेंच म्हणजे क्वेबेक, हा कॅनडाचा फ्रेंचबहुल प्रांत, असं धरूनच सगळं लिहिलंय, आणि तिथेच गाडं चुकलंय.

क्वेबेक आपले स्थलांतरित स्वतः निवडतं. २०२३ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे केंद्र सरकारच्या पीआर निवड-पद्धतीत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी जे खास ड्रॉ निघतात, ते क्वेबेकबाहेर राहणार असाल तरच लागू. म्हणजे ही मुलं ऑन्टारियो, मॅनिटोबा, न्यू ब्रन्सविक अशा प्रांतांत उतरणार, जिथे फ्रेंच बोलणारे अल्पसंख्य आहेत. त्या माणसांबद्दल लेखात चकार शब्द नाही. मला ऑन्टारियोतलेच माहीत आहेत, म्हणून त्यांच्यापुरतं लिहिते.

इथे ते सुमारे सहा लाख, प्रांताच्या लोकसंख्येत जेमतेम चार-पाच टक्के. काही ऑटावा आणि आसपास, काही उत्तरेत सडबरी, टिमिन्स, हर्स्ट अशा खाणी आणि लाकडाच्या गावांत. हर्स्टमध्ये तर आजही बहुसंख्य तेच. पिढ्यान् पिढ्या इथलेच असूनही यांना "क्वेबेकहून कधी आलात?" असं विचारणारे भेटतातच.

१९१२ साली प्रांत सरकारने 'नियम १७' काढला आणि पहिल्या दोन इयत्तांपुढे फ्रेंचमधून शिकवणं बंद केलं. ऑटावाच्या मरे स्ट्रीटवर गीग शाळा होती. तिथल्या बेआत्रीस आणि दियान देलोज या शिक्षिका बहिणींनी नियम मानला नाही. जानेवारी १९१६ मध्ये मुलांच्या आयांनी शाळेचा ताबा घेतला आणि दारात पहारा बसवला. पोलीस आले तेव्हा बायकांच्या हातात टोप्यांना लावायच्या लांब पिना होत्या, कात्र्या होत्या, लाटणी होती. पोलिसांना परत जावं लागलं. सरकारने नियमाची अंमलबजावणी थांबवली ती १९२७ मध्ये. वर्तमानपत्राला पत्र लिहितेय म्हणून हेही सांगते, की याच लढ्यासाठी १९१३ मध्ये 'ल द्रवा' हे दैनिक निघालं आणि ते अजून चालू आहे.

हा झाला जुना इतिहास. आजचं दुखणं इतकं उघड दिसत नाही. ऑटावात रस्त्याच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत: आधी 'रु' (फ्रेंचमध्ये रस्ता), मग नाव, मग 'स्ट्रीट'. सरकारी काउंटरवर "हॅलो, बोंझूर" ऐकू येतं. तरीही मी राहते त्या ओर्लेआं उपनगरात आमच्या शेजाऱ्यांकडे रविवारी जेवायला गेलं की काय होतं ते पाहा. घरातले सगळे फ्रेंच, एक जावई तेवढा इंग्रजी. तो खुर्ची ओढून बसला की सगळं टेबल इंग्रजीवर येतं. कोणी कोणाला सांगत नाही, त्याचीही तशी अपेक्षा नसते. आजी नातवाला फ्रेंचमध्ये विचारते, तो उत्तर इंग्रजीत देतो आणि बटाटे पुढे सरकवतो.

म्हणूनच इथले फ्रेंच लोक 'द्विभाषिक' या गोड शब्दाला बिचकून असतात. १९९७ मध्ये ऑटावाचं मोंफोर रुग्णालय बंद करावं अशी शिफारस सरकारी आयोगाने केली. इतर रुग्णालयांत दोन्ही भाषांची सोय होईलच, असा त्यामागचा युक्तिवाद. लोकांना तो पटला नाही. २२ मार्चला दहा हजार माणसं जमली. ऑटावाजवळच्या व्हॅनियेच्या माजी महापौर जिझेल लालोंद पुढे होत्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर २००१ मध्ये अपील न्यायालयाने रुग्णालयाच्या बाजूने निकाल दिला. जिथे कामकाजच फ्रेंचमध्ये चालतं आणि नवे डॉक्टर फ्रेंचमध्ये तयार होतात, ती संस्था म्हणजे समाजाचा आधार, हे कोर्टाने मान्य केलं. माझ्या मते या लोकांचं खरं शहाणपण हेच. पाट्यांवर ते समाधान मानत नाहीत, संस्थेचा कारभार हातात मागतात.

शाळांचंही तसंच. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेच्या कलम २३ ने अल्पसंख्य फ्रेंच पालकांना मुलांना फ्रेंच शाळेत शिकवण्याचा हक्क दिला आणि आज ऑन्टारियोत फ्रेंच शाळांची १२ मंडळं आहेत, त्यांचे विश्वस्त त्यांनीच निवडलेले. आपले लोक इथे हमखास गल्लत करतात. 'फ्रेंच इमर्शन' इंग्रजी मंडळांच्या शाळांत असतं, इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच यावी म्हणून. आपली बरीच मुलं तिथे जातात, पुढे केंद्र सरकारी नोकरीला बरं पडतं. फ्रेंच शाळा वेगळी. तिथे ऑफिसात, मैदानावर, मधल्या सुट्टीतही फ्रेंच. नव्याने आलेल्या पालकांना कलम २३ चा हक्क आपोआप मिळत नाही, पण प्रवेश समितीकडे अर्ज करता येतो.

आता पीआरच्या गुणांचं. क्वेबेकबाहेर फ्रेंच भाषकांचं प्रमाण १९७१ मध्ये ६.१ टक्के होतं, ते घसरत निम्म्याच्या जवळ आलं. ते पुन्हा त्या पातळीवर न्यायचं, असं २०२३ च्या राजभाषा कायद्यातल्या दुरुस्तीने ठरवलं आणि स्थलांतर हा त्यातला मोठा मार्ग. पुण्यातल्या मुलाचं सीआरएस (एक्स्प्रेस एंट्रीतले एकूण गुण) कमी असूनही त्याला बोलावणं येतं ते या घसरणीमुळे. तो टोरंटोत उतरून फ्रेंचची वही माळ्यावर टाकणार असेल तर कायदा त्याला अडवत नाही. पण माझ्या ओळखीत असे बरेच निघाले आणि शेजारच्या आजींसमोर मला अवघडल्यासारखं होतं, हे खरं.

पुढच्या लेखात परीक्षेच्या तक्त्याशेजारी सडबरी, टिमिन्स, हर्स्ट, ऑटावा या गावांची नावं द्यावीत, इमर्शन आणि फ्रेंच शाळा यांतला फरक द्यावा आणि मुलांना फ्रेंच शाळेत घालायचं असेल तर अर्ज कुठे करायचा तेही छापावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ओर्लेआं, ऑटावा (कॅनडा)