गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि पंपावरची हवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी रोज कासारवडवलीहून घोडबंदर रोडने ऑफिसला जातो, छोटी पेट्रोल गाडी आहे, मध्यंतरी अ‍ॅव्हरेज खूपच घसरलं म्हणून मेकॅनिककडे गेलो तर त्याने आधी हवा चेक केली, चारही टायरमध्ये 24-25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि हवा किती हवी ते सांगणाऱ्या, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय 33! हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, इंजिनाला जोर लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. पण हवा भरायची कुठे? पंपावर ती फुकट मिळायलाच हवी, आणि आमच्या जवळच्या पंपावर मशीन कधी बघावं तर बंदच.

अजून एक, गायमुखच्या उतारावर बरेच जण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. कृपा करून करू नका, ब्रेकवर सगळा भार येतो, आणि आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलच बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जळतच राहतं.

पंपवाल्यांनी निदान हवेचं मशीन तरी चालू ठेवावं, एवढीच विनंती.

एक वाचक, ठाणे (प.)