जुंपलेली साखर

राळेगाव,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. वेचणीच्या बाया गाठोडी घेऊन काट्यापाशी उभ्या होत्या, म्हणून ‘मग सांगतो’ म्हटलं. रेणूच्या अमेरिकेतल्या कॉलेजानं मेंदूज्वराच्या लशीचा कागद मागितला, अन् डॉक्टर म्हणतात ही सुई ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांची, ‘बी’ची वेगळी. तुझा सवाल, एकाच जंतूला दोन लशी काहून? धंदा तर नाही ना?

नाही लेका. अकरावी-बारावीला रसायन शिकवून माझे केस पिकले, पण यापेक्षा सुंदर रसायन मी फळ्यावर काढलं नसेल.

सरकीला कापूस चिकटलेला असतो ना, तसं मेंदूज्वराच्या या जंतूच्या, मेनिंगोकोकसच्या, अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. चहातली साखर नव्हे हं. या आवरणामुळे रक्तातल्या राखणदार पेशींना जंतू धड पकडता येत नाही. म्हणून लस करणाऱ्यांनी ही साखरच वेगळी काढून टोचली. मोठ्या माणसांत ती चालली. दोन वर्षांखालच्या पोरांत मात्र नाही. तान्ह्या शरीराला नुसत्या साखरेचं काही वाटतच नाही, आणि आठवण तर राहतच नाही.

आता तुझ्या बाबांचा तो तांबडा गोऱ्हा आठव. एकटा वखराला लावला की धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा. मग बाबांनी त्याला म्हाताऱ्या ढवळ्यासोबत जुंपला, आणि आठ दिवसांत गडी सरळ तासात चालू लागला. इथंही तेच केलंय. साखरेची साखळी एखाद्या प्रथिनाला, बहुतेकदा धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाला, रासायनिक बंधानं जोडतात. प्रथिन बाळाचं शरीर ओळखतं, आणि त्याच्या जोडीनं साखरही लक्षात ठेवतं. या लशींना म्हणतातच कॉन्जुगेट, म्हणजे जुंपलेल्या. हा शब्द ज्यानं ठेवला त्यानं कधी जू हाती घेतलं होतं की नाही कोण जाणे.

साखर प्रथिनाला जोडण्याची युक्ती न्यूयॉर्कात ॲव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ साली करून दाखवली होती. मेंदूज्वराच्याच हिब नावाच्या दुसऱ्या एका जंतूवर जुंपलेली लस अमेरिकेत तान्ह्या मुलांना मिळायला १९९० उजाडलं. आमचा बाल्या आजारी पडला १९९१ च्या हिवाळ्यात.

तुला ती रात्र ठाऊक आहे, बंडीला कंदील तूच बांधला होतास. अकरा महिन्यांचं पोट्टं तापानं फणफणलेलं, मान लाकडासारखी. बुढी म्हणे बाहेरचं वारं लागलं, म्हणून उताऱ्यात अर्धा दिवस गेला. दवाखान्यात पाठीतून पाणी काढलं. ते नितळ असायला हवं. बाल्याचं तांदळाच्या धुवणासारखं होतं. जंतू कोणता, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. पोरगा वाचला, कान गेले. आपल्या देशात हिबची सुई सरकारी लसीकरणात आली डिसेंबर २०११ मध्ये, तीही आधी केरळ आणि तमिळनाडूत. हा मधल्या वीस वर्षांचा हिशेब मी कोणाकडे मागू, सांग.

असो. ‘बी’चं दुखणं वेगळंच आहे. त्याची साखर म्हणजे सियालिक आम्लाच्या कड्यांची साखळी, कड्यांचा जोड आठव्या कर्बावर. ‘सी’चीही तीच, फक्त जोड नवव्या कर्बावर. एवढ्याशा फरकानं सगळं बिघडतं, कारण आठव्या जोडाची साखळी आपल्याच मज्जापेशींवरही असते. शरीर तिला घरची समजून सोडून देतं. समजा, चिडलंच तर आपल्याच पेशींवर उलटायचं भय. म्हणजे गोऱ्हा कोणाहीसोबत जुंपा, उपयोग नाही.

मग कापूस बाजूला सारून सरकीच पाहायची ठरलं. इटलीत सिएनाला रिनो रापुओली आणि त्यांच्या सोबत्यांनी जंतू वाढवत बसण्याऐवजी त्याची जनुकांची सगळी पोथीच वाचली. ती २००० साली छापून आली. तिच्यातून पृष्ठभागावर असू शकतील अशी सहाशेच्या आसपास प्रथिनं हुडकली, साडेतीनशे तयार करून उंदरांना टोचली, आणि शेवटी तीन निवडली. त्यांना न्यूझीलंडच्या साथीतल्या जंतूच्या बाह्य पटलाचे बारीक फुगे जोडले. २०१३ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. त्या तिघांतलं एक प्रथिन फार बेरकी आहे. ते आपल्याच रक्तातलं ‘फॅक्टर एच’, म्हणजे राखणदारांना ‘हा घरचा’ असं सांगणारं प्रथिन, पकडून अंगावर पांघरतं, जसा चोर पोलीस पाटलाचा फेटा बांधून गावात फिरावा. लस त्या फेट्याखालचं डोकं ओळखायला शिकवते.

तेव्हा रेणूला चारची सुई जाण्याआधी दे, आणि ‘बी’चं तिथल्या कॉलेजच्या दवाखान्यात विचारायला सांग. होस्टेलात पोरं एकमेकांच्या श्वासात राहतात, म्हणून ते मागतात. आणि पुण्यात राहून हेही माहीत असू दे की आफ्रिकेतल्या ‘ए’च्या साथींवरची जुंपलेली लस तुझ्याच गावच्या सीरम इन्स्टिट्यूटनं केली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत सुरू झाली, डोसाला अर्ध्या डॉलरहून कमी भावात.

बाल्या आता मोटार रिवाइंडिंग करतो. पंपावर तळहात ठेवला की बेअरिंग गेलं की नाही ते सांगतो, कान असलेल्या मिस्त्र्यांना जे जमत नाही. त्याची पोट्टी दीड महिन्याची झाली. बुधवारी अंगणवाडीत नेली. सिस्टरनं निळ्या डब्यातून सुया काढल्या : डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकच सुई, त्यात हिब; उजव्या मांडीत न्यूमोनियाच्या जंतूवरची, न्यूमोकोकसची. दोन्ही जुंपलेल्या. पोरगी लालबुंद झाली, तोंड उघडं पडलं. बाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातानं विचारलं, केवढं रडते?

मी दोन्ही हात जमतील तेवढे फाकवले. तो हसला.

तुझा,
विनू