भरपाई मालकाला की वेबिलवरील नावाला?

महोदय,

विमानाने आलेला माल फुटलेला किंवा भिजलेला निघाला की भरपाई अर्थातच मालकाला मिळणार, असे सर्रास धरून चालले जाते. मालवाहतुकीवरील आपल्या लेखातही तोच सूर दिसला, म्हणून हे पत्र. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीला लागू होणाऱ्या 1999 च्या माँट्रियल करारात माल कोणाच्या मालकीचा आहे यापेक्षा एअर वेबिलवर, म्हणजे विमानाने माल पाठवतानाच्या वाहतूक-दस्तावर, पाठवणारा आणि घेणारा म्हणून कोणाची नावे आहेत याला महत्त्व आहे. कराराच्या चौदाव्या कलमानुसार हे दोघे आपापले हक्क स्वतःच्या नावाने बजावू शकतात, मग त्यात हित त्यांचे स्वतःचे असो वा दुसऱ्या कोणाचे.

अडचण येते ती मालकाचे नाव वेबिलवर नसते तेव्हा, आणि हे काही क्वचित घडत नाही. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणारा मध्यस्थ, अनेकांचा माल एकत्र करून विमान कंपनीच्या ताब्यात देतो, तेव्हा ग्राहकाच्या हाती फॉरवर्डरने स्वतः दिलेले हाउस एअर वेबिल पडते. विमान कंपनीच्या मास्टर, म्हणजे संपूर्ण एकत्रित मालाच्या, वेबिलवर मात्र पाठवणारा म्हणून स्वतः फॉरवर्डर आणि घेणारा म्हणून पलीकडच्या विमानतळावरचा त्याचा एजंट असतो. अशा ग्राहकाने थेट विमान कंपनीकडे दाद मागितली, तर तुमचा आमचा करारच नाही, असे उत्तर येऊ शकते. त्याने हाउस वेबिल देणाऱ्या फॉरवर्डरवरच दावा करावा, किंवा फॉरवर्डरनेच आपल्या नावाने विमान कंपनीवर दावा लावावा, असे त्याला सांगावे. वेबिलवर नाव नसलेल्या मालकालाही दावा करता येतो, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2000 साली म्हटले खरे, पण सर्वच देशांतील न्यायालये इतकी उदार नाहीत. विमा कंपनीचेही तसेच. भरपाई दिल्यावर ती विमाधारकाच्या जागी उभी राहते, पण मुळात त्याचाच हक्क लंगडा असेल तर तिचाही तितकाच.

माल एकापाठोपाठ अनेक कंपन्यांच्या विमानांतून आला असेल, तर पाठवणाऱ्याने पहिल्या कंपनीकडे आणि घेणाऱ्याने शेवटच्या कंपनीकडे मागणी करायची असते. नुकसान ज्या कंपनीच्या वाहतुकीत झाले, तिच्यावर मात्र दोघांचाही दावा चालतो.

हक्क असूनही तो हातचा जातो तो बहुधा गोदामाच्या दारात. खोक्याचा कोपरा चेपलेला आहे, धक्का दाखवणारे लेबल लाल झाले आहे, आणि तरीही ताबापावतीवर कसलाच शेरा न लिहिता सही ठोकली जाते. तक्रार न करता माल स्वीकारला, तर तो सुस्थितीत पोहोचला असे प्रथमदर्शनी मानले जाते. नुकसान लक्षात येताच आणि उशिरात उशिरा माल मिळाल्यापासून 14 दिवसांत लेखी तक्रार गेली नाही, तर वाहकाने फसवणूक केल्याखेरीज दावाच उरत नाही. न्यायालयात जाण्याची 2 वर्षांची मुदत अनेकांना ठाऊक असते. या 14 दिवसांचा मात्र विसर पडतो.

रकमेबाबतही भ्रम नको. 28 डिसेंबर 2024 पासून कमाल भरपाई किलोमागे 26 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाच्या एककात, आहे. 3 किलोचे उपकरण कितीही महागडे असले, तरी मर्यादा 78 एसडीआरची. माल सोपवतानाच विशेष मूल्य जाहीर करून लागेल ते जादा शुल्क भरले, तरच ती वाढते. आणि हे जाहीर करण्याचा अधिकार कराराने फक्त पाठवणाऱ्याला दिला आहे, त्यामुळे माल मागवणाऱ्याने ही अट खरेदीच्या करारातच घालून घ्यावी लागते.

आपला,
एक वाचक