कुडा तोडून झाडे लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे माहेर रामटेक तालुक्यातले. गावामागे मुरमाड टेकडी आहे आणि तिच्या उतारावर कुड्याची दाट झुडपे होती. गेल्या जूनमध्ये वृक्षलागवडीसाठी तो उतार साफ केला गेला. कुडा, धायटी, मुरुडशेंग सगळे बुडापासून छाटले. रांगेने खड्डे खणून गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपे लावली. पहिल्या दमदार पावसातच मोकळा झालेला मुरूम ओघळून खालच्या शेताच्या धुऱ्यावर येऊन बसला. यंदा मे महिन्यात गेले, तर बहुतेक खड्ड्यांत वाळल्या काड्या उभ्या होत्या. मधे मधे मात्र तोडलेल्या कुड्याच्या बुडख्यांना कमरेएवढे हिरवे फुटवे आले होते. पाणी कोणी घातले नव्हते, कुंपणही नव्हते.

कुड्याची ताकद त्याच्या मुळांत आहे. वरून तोडला, वणव्यात होरपळला तरी मुळांवरून नवे धुमारे येतात. पाने तोडली की पांढरा चीक येतो. चव कडू, म्हणून गुरे-शेळ्या सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. हिवाळा सरता सरता पाने गाळून तो पाण्याचा खर्च थांबवतो आणि ऐन उन्हाळ्यात, पाऊस पडण्याआधीच, नव्या पालवीबरोबर पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरतो. हातभर लांब, बारीक शेंगांच्या जोड्या लोंबतात. त्या तडकल्या की रेशमी शेंडीची बी वाऱ्यावर उडते आणि जिथे माणूस खड्डा खणू शकत नाही अशा दगडांच्या फटीत रुजते. नागपूरच्या उन्हात अशी उघडी टेकडी धरून ठेवायला याहून योग्य दुसरे काय लावणार आहोत?

(काळा कुडा वेगळा. त्याच्या शेंगांची जोडी कोवळेपणी टोकाशी जुळलेली असते. उतारावर दोन्ही सापडतात आणि तोडणारा दोघांनाही तोडतो.)

आमच्याकडे पोट बिघडले की आजी कुड्याची साल ताकात उगाळून द्यायची. कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध याच सालीचे, कडू इंद्रजव म्हणजे याचेच बी. फुलांची भाजी तर मी दर उन्हाळ्यात खाल्ली आहे.

आणि हे रामटेकच्या परिसरात व्हावे, याचे मला जास्त वाईट वाटते. ‘मेघदूता’तला यक्ष आषाढात रामगिरीवर आलेल्या मेघाला अर्घ्य देतो ते ताज्या कुटजफुलांचे. कुटज म्हणजे हाच कुडा आणि तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे संस्कृतचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आपण दरवर्षी कालिदासाचे नाव घेतो, पण त्याच्या यक्षाने ओंजळीत धरलेले फूल ज्या झुडपाचे, ते ओळखत नाही.

दोष ‘झुडूप’ या शब्दाकडे पाहण्याच्या आपल्या नजरेत आहे. महसुली दप्तरात जमिनीपुढे ‘झुडपी जंगल’ असे लिहिले की ती आपल्याला पडीक वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांतल्या अशा सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी वन म्हणूनच मानल्या. कागदावर वन ठरले, पण टेकडीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याला ते अजून वन दिसत नाही.

या पावसाळ्यात टेकड्यांवर रोपे लावणाऱ्या सर्व संस्थांना, शाळांना आणि अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. खड्डे फक्त उघड्या जागी घ्या. उभ्या झुडपाला हात लावू नका, उलट त्याच्या सावलीच्या आडोशाला रोप लावा. मोठी झाडेच हवी असतील तर सालई, धावडा, चारोळी लावा. ती याच उतारांची आहेत. माझ्या गावच्या टेकडीवरचे फुटवे यंदा लागवडीआधी कोणी पुन्हा छाटू नयेत, एवढे तरी संबंधितांनी पाहावे.

आपली वाचक,
नागपूर